एकविसावं सूत

“खुर्ची बुटकी आहे तुमची, बाई. खोट माझ्यात नाही, खुर्चीत आहे.”

एवढं बोलून मिस्त्री पुन्हा एकदा उठायला गेले. दोन्ही हात छातीवर घडी घालून बांधलेले. तशी अटच होती. बूड चार बोटं वर आलं, गुडघे लटपटले, आणि भरलेलं पोतं टाकावं तसे मिस्त्री धप्पकन परत खुर्चीत. ही तिसरी खेप.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची व्यायामाची खोली होती ती. भिंतीला आडवे लाकडी दांडे, कोपऱ्यात कुठेच न जाणाऱ्या तीन पायऱ्या, आणि मधोमध ही बिनहातांची खुर्ची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ होतं, पण ते अजून सुरूच झालं नव्हतं. पाच वेळा उठून बसायला किती वेळ लागतो ते बघायचं, आणि इथे पहिलंच उठणं होईना.

घरी मी दहा-दहा वेळा उठतो, मिस्त्री म्हणाले, विचारा हिला. ही म्हणजे मिस्त्रीणबाई. त्या भिंतीशी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली खरी, पण बघत होत्या पिशवीकडे.

मग मिस्त्रींनी खिशातून टेप काढला. माणूस तपासून घ्यायला आलेला, पण टेप बरोबर. छातीत कळ आली त्या दिवशीसुद्धा तो खिशातच होता. नर्सने चष्मा, कवळी आणि टेप अशा तीन वस्तू पिशवीत घालून घरच्यांच्या हातात दिल्या होत्या. आता टेपचं टोक जमिनीला टेकवायला बाईंनाच वाकावं लागलं. मिस्त्रींनी बैठकीच्या कडेला अंगठा लावून आकडा वाचला आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

“सतरा,” ते म्हणाले. टेप सरकन परत आत गेला.

सतरा इंच हे त्यांचंच माप होतं. बेचाळीस वर्षं त्यांनी खुर्च्या केल्या, आणि गिऱ्हाईक राजा असो की रडका, बैठक जमिनीपासून सतरा इंचांवरच. काटकोन तपासायचं जे सुतारांचं हत्यार असतं, त्याला गुण्या म्हणतात. मिस्त्रींचं नावही लोकांनी तेच पाडलं होतं. गुण्यामिस्त्री. दाराची चौकट नुसत्या डोळ्याने बघून ‘खालून अर्धं सूत कलली आहे’ म्हणून सांगणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी शेजारचे गुरुजी आले होते, शाळेतून निवृत्त होऊन जमाना झालेले. खुर्चीतून उठताना गुडघे बोंबलतात, पायांना दोन इंच ठोकळे लावून दे म्हणाले. मिस्त्रींनी त्यांना चारचौघांत सुनावलं होतं की गुरुजी, सतरावरून माणूस उठत नसेल तर खुर्चीला औषध देऊन काय उपयोग? गुरुजी बिचारे काठी टेकत परत गेले.

बाईंनी त्यांना थोडं पाणी दिलं आणि बाकीच्या चाचण्या उरकल्या. मुठीत दाबायचं एक यंत्र होतं. त्याचा काटा सोळावर गेला. सोळा काय, तर किलो. तुमच्या वयाच्या, हाताने काम केलेल्या माणसाचे याच्या दुप्पट यायला हवेत, बाई म्हणाल्या. मग चार मीटर चालवलं. सात सेकंद लागले. मिस्त्रींना वाटलं, फार काही वाईट नाही. बाईंनी मात्र वहीत लिहिताना ओठ आवळले.

छातीचे मोठे डॉक्टर त्याच सकाळी खूश झाले होते. रक्ताच्या नळीत बसवलेली जाळी उत्तम आहे, जखम भरली आहे, हृदय जेवढं चालायचं तेवढं चालतंय. जेवढं म्हणजे पूर्ण नाही. ती चूक मिस्त्रींची स्वतःची होती. कळ आली तेव्हा ते एका लांब फळीला रंधा मारत होते. घाम फुटला, डावा हात जड झाला. दुसरा कोणी खाली बसला असता. पण फळी अर्धी तासलेली सोडायची नाही, हवा लागून ती वाकते, हा त्यांचा कायदा. पाऊण तास लावून त्यांनी फळी पूर्ण केली, उलटी करून दुसरी बाजूही केली, आणि मग लेकाला म्हणाले, जरा दवाखान्यात जाऊन येऊ. त्या पाऊण तासात हृदयाचा एक कोपरा मेला तो मेलाच. फळी मात्र सरळ राहिली.

बाईंनी त्यांना काय ते नीट सांगितलं. हृदयाची काळजी सगळ्यांनी घेतली, पण अकरा दिवस इथे आणि नऊ आठवडे घरी नुसतं बसून-पडून अंगाचं मांस उतरलं, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. असा अशक्त झालेला माणूस साध्या सतरंजीला अडखळून पडतो, साध्या तापाने परत इथे येतो. आणि प्रत्येक वेळी घरी जाताना थोडा कमी होऊन जातो.

“म्हणजे रंधा मारल्यासारखं,” मिस्त्री म्हणाले.

“तसंच. पण लाकूड तासलं की परत चढत नाही. मांस चढतं, काका. हळूहळू चढतं, आणि चढवायला लागतं.”

मिस्त्रींना एकच विचारायचं होतं. कारखान्यात कधी जाऊ? कारखाना म्हणजे घरामागच्या गल्लीतली पत्र्याची लांब खोली, तिथे खिडकीखाली त्यांचं कामाचं टेबल. लेकाने त्यावरच्या हत्यारांवर कापड घातलं होतं, आणि गुरुजींनी सहज बोलता बोलता सांगून टाकलं होतं की आता त्या कापडावर फळ्या रचायला सुरुवात झाली आहे. ज्या टेबलावर फळ्या रचतात ते टेबल राहत नाही, फळी ठेवायची जागा होतं. हे मिस्त्रींच्या काळजाला जाळीपेक्षा जास्त टोचत होतं.

बाईंनी बोट खुर्चीकडे केलं. “ह्याच खुर्चीतून, हात न लावता, पंधरा सेकंदांत पाच वेळा. ते जमलं की रोज दोन तास. तोपर्यंत करवतीला हात नाही.”

घरी आल्यावर मिस्त्रीणबाई म्हणत होत्या, आधी दोन घास खाऊन घ्या. मिस्त्री सरळ आपल्या खुर्चीत जाऊन बसले. हात बांधले. उठले. बसले. उठले. असे सहा वेळा उठले, धाप लागली तरी उठले. मग थांबले, आणि टेप काढला.

साडेएकोणीस.

त्यांनी परत मोजलं. टेप झिजला असेल म्हणून भिंतीवरच्या पट्टीशी ताडून बघितला. मग खुर्चीला धरून धरून खाली बसले आणि जमिनीवर चक्क आडवे झाले. मिस्त्रीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघतात तर नवरा पालथा पडलेला. त्यांच्या हातातलं झाकण खाली घरंगळलं.

“ओरडू नकोस, जिवंत आहे,” मिस्त्री खुर्चीखालून म्हणाले. “बॅटरी आण.”

चारही पायांना खालून अडीच इंचांचे तुकडे जोडले होते. पण काय जोडले होते! लाकडाची रेष वरून खाली आली ती तशीच पुढे गेली होती, मध्ये कुठे अडली नव्हती. रंग तोच, चकाकी तीच, घासून गेलेल्या कडाही तशाच घासलेल्या. डोळ्याला काही सापडेना. शेवटी अंगठ्याच्या नखाने हळूहळू चाचपलं तेव्हा केसाएवढी खाच लागली.

मिस्त्री उठून बसले आणि मग त्यांनी घरभर टेप फिरवायला घेतला. खाट तीन इंच वर. न्हाणीघरातला पाट दुप्पट उंच. न्हाणीघराचा उंबरा तासून जमिनीला मिळवलेला. स्वयंपाकघराचं दार पूर्वी फुगून अडायचं, ते आता बोटाने ढकललं तर उघडत होतं. पाण्याचा तांब्या जाऊन त्याजागी हलका पेला आलेला. मिस्त्री मोजायला वाकायच्या आधीच मिस्त्रीणबाई मागून आकडा सांगत होत्या. बेचाळीस वर्षं सुताराबरोबर संसार केलेली बाई; कुठली वस्तू किती सूत वाढवली ते तिला तोंडपाठ होतं.

दुपारी लेक जेवायला आला. धाकटा मिस्त्री म्हणतात त्याला, वय बत्तीस, अंगाने बापाच्या दीडपट, आणि बापासमोर अजून शाळेत असल्यासारखा. खुर्ची उलटी करून ठेवलेली बघितली आणि तो दारातच थबकला.

“हा सांधा तू केलास?” मिस्त्रींनी विचारलं.

“हो, बाबा.”

“एकट्याने?”

“हो.”

मिस्त्रींनी पायावरून परत एकदा अंगठा फिरवला. “गिऱ्हाइकाच्या टेबलाला असा सांधा सात जन्मांत केला नाहीस, गाढवा. बापाला फसवायचं म्हटल्यावर बरा जमला.”

लेक खाली बघून सांगू लागला. हॉस्पिटलातून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा खुर्चीतून उठायला गेले आणि तीनदा मागे पडले. कसेबसे खाटेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले ते संध्याकाळपर्यंत. जेवले नाहीत. तेव्हा आईच म्हणाली, ह्यांना उठता आलं पाहिजे रे, काहीतरी कर. आधी रात्री खुर्ची कारखान्यात नेऊन पायांना एक-एक इंचाचा तुकडा लावला. बाबा उठले, त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले. मग तो काढून दोन इंचांचा. मग अडीचचा.

“मला तुम्हाला उठताना बघायचं होतं,” लेक म्हणाला.

ह्यावर मिस्त्रींनी जे सांगितलं ते ऐकून मिस्त्रीणबाईंना हसू आवरेना. ते म्हणाले, मधल्या काळात माझे पाय जमिनीला नीट टेकायचे नाहीत, टाचा अधांतरी राहायच्या. मला वाटलं, आजारात माणूस रोडावतो तसा बुटकाही होत असेल. दुसऱ्याच्या चौकटीतलं अर्धं सूत पकडणारा माणूस. स्वतःच्या बुडाखालचे वीस सूत त्याला दिसले नाहीत. खरं सांगायचं तर बघायचेच नव्हते. हेही ते स्वतःच म्हणाले, पण जेवण झाल्यावर, हात धुताना.

लेकाने विचारलं, आजच सगळं कापून टाकू का? मिस्त्री म्हणाले, तू बापाला एकदम खड्ड्यात टाकणार का? आज सतरा केलीस तर मी उठायचा नाही, आणि उठलो नाही तर परत भिंतीकडे तोंड करीन. दर सोमवारी एक सूत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. अडीच इंचांचे वीस सूत, वीस सोमवार. हिशेब सोपा होता.

पहिल्या सोमवारी मात्र कळलं की सूतभर कापणं म्हणजे काय. हातभर लाकूड कापणं सोपं. पायाच्या टोकाची पापुद्र्यासारखी चकती काढायची म्हणजे करवत घसरते, लाकूड चिरफाळतं. आणि चारही पाय सारखे हवेत, नाहीतर खुर्ची नाचणार. मिस्त्रींना करवत धरायची नव्हतीच, बाईंचा हुकूम. ते म्हणाले, खूण मी करतो, कापायचं तू. त्यांनी पेन्सिल घेतली आणि रेघ मारली. रेघ थरथरत गेली, लहान पोराने मारावी तशी. मिस्त्रींनी ती पुसली. दुसरी मारली, तीही तशीच. लेक दुसरीकडे बघत सरसाचं भांडं विनाकारण ढवळत बसला. चौथी रेघ बरी आली, तिच्यावर करवत फिरली. निघालेल्या चार चकत्या मिस्त्रींनी एका जुन्या डब्यात टाकल्या आणि डबा खिडकीत ठेवला.

आणि मग सुरू झालं. सकाळी दहा वेळा उठायचं, दुपारी दहा, संध्याकाळी दहा. उन्हं उतरली की गल्लीत चालायचं. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या दारापर्यंत, मग शिंप्याच्या पायरीपर्यंत, मग नळाच्या कोपऱ्यापर्यंत. हातात कपड्याचा बोळा घेऊन तो पिळत बसायचं, मूठ वळावी म्हणून. गल्लीतल्या लोकांना ही गंमतच झाली. शिंपी विचारायचा, मिस्त्री, आज खुर्ची किती राहिली? मिस्त्री उत्तर द्यायचे की तुझ्या पट्टीने मोजू नकोस, तुझी पट्टी कापडासारखी आकसते.

सगळ्यांत मोठा बदल मिस्त्रीणबाईंच्यात झाला. पेला जाऊन तांब्या परत आला. मिस्त्री पाणी मागायचे आणि त्या हातातलं काम न सोडता म्हणायच्या, घरातच आहे पाणी, कुठे पळून गेलं नाही. पहिल्यांदा असं बोलल्या तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डोळे पुसले होते. पुढे सवय झाली. पुढे पुढे तर मजाच वाटू लागली. रोज सकाळी नवऱ्याला काट्यावर उभं करायचं, वजन भिंतीवर लिहायचं, जेवणात मीठ मोजून आणि डाळ, अंडी, दूध न मोजता, हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं.

नऊ सोमवार नीट गेले. खुर्ची साडेअठराच्याही खाली आली. मग मिस्त्रींना सर्दी झाली. साधी सर्दी, नाक वाहतं तशी. तीन दिवसांत भिंतीवरचा आकडा अडीच किलोंनी वाढला. मिस्त्री म्हणाले, बघ, मांस चढतंय. मिस्त्रीणबाईंनी त्यांचे मोजे उतरवले, पिंडरीवर बोट दाबलं, तर खड्डा पडून तसाच राहिला. मांस कसलं, पाणी होतं ते. ह्या वेळी कुठलीही फळी पुरी करायची वाट त्यांनी बघितली नाही. नवऱ्याला अर्ध्या वाक्यात उठवून हॉस्पिटलात नेलं. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत ते बरं केलंत. सहा दिवस ठेवून घेतलं.

सातव्या दिवशी मिस्त्री घरी येऊन खुर्चीत बसले. हात बांधले. उठता आलं नाही.

बाईंनी सांगितलं होतं ते आठवलं असणार. थोडा कमी होऊन जातो. पण त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. खुर्चीतच बसून खिडकीतल्या डब्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक कारखान्यात निघाला तेव्हा त्याला हाक मारून म्हणाले, तो डबा घे आणि चकत्या चिकटव.

“नऊच्या नऊ?”

“फक्त चार सूत. पाच मी कमावलेत, त्यांना हात लावू नकोस.”

लेकाचा चेहरा पडलेला बघून त्यांनाच बोलावं लागलं. म्हणाले, तोंड काय पाडतोस, रंधा मागे ओढल्याशिवाय दुसरा हात मारता येतो का? लेकाने सरस तापवला, चार पायांना चार-चार चकत्या बसवल्या, शिकंज्यात आवळून दिवसभर ठेवल्या. चकत्या पातळ, एकीवर एक. पाय आता पट्ट्यापट्ट्यांचे दिसू लागले. लपवायचं काही राहिलं नव्हतं, म्हणून रंगही दिला नाही.

पुन्हा सोमवार मोजायला सुरुवात झाली. सहा, सात, आठ. नववं सूत दुसऱ्यांदा गेलं त्या दिवशी मिस्त्रींनी अंगणात खुर्ची नेऊन गुरुजींसमोर उठून दाखवलं. बारावं सूत गेलं तेव्हा मुठीच्या यंत्राने बावीस दाखवले, आणि बाईंनी करवतीला हात लावायची परवानगी दिली, फक्त खुर्चीच्या पायांपुरती. पंधराव्या सुताला मिस्त्रींनी चारही पाय स्वतः कापले. दमले, मध्ये दोनदा बसले, आणि एक पाय केसभर आखूड झाला. गुण्यामिस्त्रीच्या घरात खुर्ची डुगडुगते ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या त्या टोकाला पोचली. शिंप्याने पायाखाली घालायला कापडाची घडी पाठवून दिली. मिस्त्रींनी ती ठेवून घेतली, पण खुर्ची पॉलिश पेपरने घासून घासून स्वतः जागेवर आणली.

विसावं सूत गेलं तेव्हा पहिल्या चाचणीला सहा महिने होऊन गेले होते. खुर्ची सतरा. नखाने चाचपायची ती खाच आता जमिनीवर आली होती.

हॉस्पिटलात गेल्यावर मिस्त्रींनी आधी बाईंची खुर्ची मोजली. विश्वास नाही का, बाईंनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, घरच्यांवर होता, तेव्हापासून मोजतो. मग बसले, हात बांधले. बाईंनी बटण दाबलं. एक, दोन, तीन नीट झाले. चौथ्याला धाप लागली. पाचव्याला अर्ध्यावर येऊन ते क्षणभर अडकले, आणि मग उठले.

“सतरा सेकंद.”

मिस्त्रीणबाई म्हणाल्या, दोनच तर जास्त आहेत. बाई काही बोलायच्या आधी मिस्त्रींनीच बायकोला गप्प केलं. दोन म्हणजे दोन. तुझ्या दाराला दोन सूत फट राहिली तर चालेल का तुला? बाई म्हणाल्या, तीन आठवड्यांनी या. खूप पुढे आला आहात काका, मन खट्टू करू नका. मिस्त्रींचं मन खट्टू झालेलं नव्हतं, ते कसला तरी विचार करत होते.

घरी येऊन त्यांनी लेकाला बोलावलं आणि करवत मागितली. आज सोमवार नाही, लेक म्हणाला. आणि कापायचं काय, ठोकळे तर संपले. मिस्त्रींनी खुर्ची आडवी केली, पायावर रेघ मारली. सरळ, एका हातात, सणसणीत.

“बाबा, हे तुमचं लाकूड आहे.”

होतंच. ही खुर्ची त्यांनी लग्नाच्या वर्षी केली होती, मिस्त्रीणबाई ह्या घरात आल्या त्याच्या आधी महिनाभर. सतरा इंचांचं ते माप ह्याच खुर्चीवरून ठरलं होतं. गिऱ्हाइकांना बेचाळीस वर्षं तेच ऐकवलं होतं. सतराच्या वर नाही, सतराच्या खाली नाही.

“सतरावर उठायला सतरा सेकंद लागतात,” मिस्त्री म्हणाले. “त्याच्याहून खालून उठायला शिकलो तर सतरा सोपी जाईल. धर पाय.”

लेकाने पाय धरला. मिस्त्रींनी एकविसावं सूत कापलं. भुसा निघाला तो वेगळ्या रंगाचा, जुना, तांबूस. पुढच्या आठवड्यात बाविसावं. पावणेसतरा इंचांवरून उठताना पहिले दोन दिवस मांड्या पेटल्या, तिसऱ्या दिवशी शिव्या आल्या, आठव्या दिवशी मिस्त्रीणबाईंनी समोर बसून भाजी निवडता निवडता मोजलं आणि एक आकडा चुकून जास्तच म्हटला. मिस्त्रींनी तो धरला नाही, परत उठले.

तीन आठवड्यांनी बाईंच्या खुर्चीतून पाच वेळा उठायला चौदा सेकंद लागले. बाईंनी घड्याळ मिस्त्रींच्या समोर धरलं. मिस्त्रींनी चष्मा लावून बघितलं, आणि मग परत एकदा चष्मा न लावता.

मोठ्या डॉक्टरांनी मात्र हातचं राखून सांगितलं नाही. मेलेला कोपरा जिवंत होणार नाही. गोळ्या जन्मभर. वजन रोज, मीठ मोजून, पाय सुजले की त्याच दिवशी इकडे. दोन तास काम, बसून. फळ्या उचलायच्या नाहीत, लांब रंधा मारायचा नाही, धाप लागली तर हातातलं टाकायचं, अर्धं असलं तरी. शेवटचं ऐकताना मिस्त्रींनी कान खाजवला. मग म्हणाले, अर्धं असलं तरी टाकीन. मिस्त्रीणबाईंनी ते दोनदा म्हणायला लावलं.

सोमवारी सकाळी ते कारखान्यात गेले. स्वतःच्या पायांनी, शिंप्याच्या पायरीवर एकदा टेकून. लेकाने आदल्या दिवशी टेबलावरच्या फळ्या हलवल्या होत्या, कापड काढलं होतं. पटाश्यांना गंज चढला होता. रंध्याचं पातं बोथट. मिस्त्रींनी एकेक हत्यार उचलून बघितलं, लेकाला चार गोष्टी ऐकवल्या, दगडावर पाणी घातलं आणि पातं घासायला बसले. लेकाने भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघून खडूने फळ्यावर लिहिली.

थोड्या वेळाने गुरुजी आले. मागे हमालाच्या डोक्यावर खुर्ची. मिस्त्रींना बघून ते जरा कचरले, म्हणाले, म्हटलं धाकटा असेल, त्याला सांगावं. पायांना ठोकळे हवे होते. दोन इंच.

मिस्त्रींनी गुरुजींना खुर्चीत बसवलं आणि उठायला सांगितलं. गुरुजी हात टेकून उठले. हात न टेकता उठायला सांगितलं, तर उठले नाहीत. मिस्त्रींनी टेप लावला. सतरा.

“दोन इंच म्हणजे सोळा सूत,” ते म्हणाले. “लावून देतो. पण एकेक सुताची चकती करून लावतो, आणि तुम्ही दर सोमवारी इथे यायचं.”

गुरुजींनी विचारलं, कशाला? मिस्त्री म्हणाले, काढायला. मग त्यांनी लेकाला कोपऱ्यातला एक सुका तुकडा आणून द्यायला सांगितलं, रेष जुळेल असा बघून. तो टेबलावर धरला, छोटा रंधा घेतला, आणि घड्याळाकडे एक नजर टाकून पहिलं सालपट काढलं.